जुन्या व्होकोडरची छोटी प्रतिकृती : घ्यावी की न घ्यावी?

शब्द माणसाचे, उच्चार माणसाचे, पण स्वर मात्र एखाद्या पेटीचा किंवा व्हायोलिनच्या ताफ्याचा, असा आवाज आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेला असतो. यंत्रमानवाचे संवाद, जाहिरातींतील धून, नृत्यसंगीत अशा अनेक ठिकाणी तो भेटतो. हा आवाज घडविणाऱ्या उपकरणाला व्होकोडर म्हणतात. १९८१ साली लॉरी अँडरसन या अमेरिकी कलावतीचे ‘ओ सुपरमॅन’ हे आठ मिनिटांहून अधिक लांबीचे, कोणत्याही अर्थाने लोकप्रिय गीताच्या साच्यात न बसणारे गाणे ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. त्यातील बोलणारे स्वर ज्या वाद्यातून आले, ते म्हणजे जपानच्या रोलंड कंपनीने १९७९ साली बाजारात आणलेले ‘व्हीपी-३३० व्होकोडर प्लस’. ‘ब्लेड रनर’ या १९८२च्या चित्रपटातील व्हँजेलिसच्या संगीतामागे जो धुक्यासारखा पसरलेला समूहस्वर ऐकू येतो, त्यातही याच वाद्याचा वाटा आहे.

४९ पट्ट्यांचे हे अवजड वाद्य आज दुर्मीळ झाले आहे. २०१६ साली रोलंडनेच त्याची वहीएवढी छोटी प्रतिकृती ‘व्हीपी-०३’ या नावाने काढली, आणि २०१८ साली बेहरिंगर कंपनीने ‘व्हीसी ३४०’ हे थोडे मोठे रूप जाहीर केले. तेव्हापासून कीबोर्ड वाजविणाऱ्या हौशी आणि व्यावसायिक कलावंतांपुढे एक प्रश्न उभा आहे. कार्यक्रमागणिक मिळणाऱ्या मानधनातून साठविलेले पैसे या एकाच करामतीच्या पेटीवर खर्च करावेत काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी ही करामत नेमकी काय आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण पुष्कळांची निराशा वाद्य वाईट निघाल्यामुळे होत नाही, तर आपण काय विकत घेतो आहोत याची कल्पनाच चुकीची असल्यामुळे होते.

व्होकोडरचा जन्म संगीतासाठी झालेलाच नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली हा अभियंता १९२८च्या सुमारास एका रोकड्या प्रश्नावर काम करीत होता. दूरध्वनीच्या एकाच तारेवरून जास्त संभाषणे कशी पाठविता येतील, हा तो प्रश्न. त्याच्या लक्षात आले की, स्वरतंतूंचा आवाज वेगाने कंप पावत असला तरी जीभ, ओठ आणि जबडा यांच्या हालचाली त्या मानाने फारच संथ असतात, आणि बोलण्यातला अर्थ प्रामुख्याने या संथ हालचालींत असतो. मग पूर्ण आवाज पाठविण्याऐवजी तोंडाच्या हालचालींचा आराखडा तेवढा पाठवावा आणि पलीकडच्या टोकाला कृत्रिम आवाजातून बोलणे पुन्हा उभे करावे, अशी ही युक्ती होती.

आपल्याला ती पेटीच्या उदाहरणाने सहज समजेल. पेटीचा भाता चालू ठेवून एक स्वर दाबून धरला, तर एकसारखा, न बोलणारा सूर निघतो. आता कल्पना करा की, या सुराच्या वाटेत कोणीतरी आपले तोंड ठेवले आहे. तोंड ‘आ’ करते तेव्हा सुरातील काही भाग मोठा होतो, ‘ई’ करते तेव्हा दुसराच भाग. स्वर तोच, पण पेटी ‘आ’ आणि ‘ई’ म्हणू लागते. व्होकोडर हेच काम विजेच्या साहाय्याने करतो. मायक्रोफोनमधून आलेला आवाज तो खालपासून वरपर्यंतच्या कंपनसंख्येच्या पट्ट्यांत विभागतो, प्रत्येक पट्टीतील चढउतार मोजतो, आणि तेच चढउतार कीबोर्डच्या सुराच्या त्या त्या पट्टीवर लादतो. व्हीपी-३३० मध्ये अशा दहा पट्ट्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात याच तत्त्वावर ‘सिगसॅली’ ही गुप्त दूरध्वनी यंत्रणा उभारली गेली. १९४३ पासून तिच्यावरून दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांची आणि सेनाधिकाऱ्यांची बोलणी होत. तिच्या एका केंद्राचे वजन ५० टनांहून अधिक होते. आज ज्या पेटीच्या खरेदीचा आपण विचार करीत आहोत, ती एक किलोच्या आसपास भरते! पुढे वेंडी कार्लोस यांनी रॉबर्ट मूग यांच्या साह्याने बनविलेला व्होकोडर १९७१च्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या चित्रपटात वापरला आणि जर्मनीच्या क्राफ्टवर्कने तो घराघरांत नेला.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. शेर या गायिकेच्या १९९८ सालच्या ‘बिलीव्ह’ या गाण्यातील तुटक आवाजाला अनेक जण व्होकोडरच समजतात. तो व्होकोडर नव्हे. ते ‘ऑटोट्यून’ हे सॉफ्टवेअर आहे. ऑटोट्यूनमध्ये गाणाऱ्याचाच आवाज राहतो, फक्त त्याचा स्वर जवळच्या पायरीवर ओढला जातो. व्होकोडरमध्ये मात्र तुमचा स्वर पूर्णपणे टाकून दिला जातो. तुम्ही षड्जात गायलात काय आणि नुसते बोललात काय, बाहेर येणारा स्वर कीबोर्डवर दाबलेल्या पट्टीचाच असतो. रंगमंचावर आजच्या गाण्यांतील ‘तो’ आवाज हवा असेल, तर पुष्कळदा हवे असते ते ऑटोट्यूनसारखे उपकरण. व्होकोडर घेऊन ती गरज भागत नाही.

या एका गोष्टीचे परिणाम आपल्याकडच्या संगीताच्या दृष्टीने फार मोठे आहेत. हिंदुस्थानी पद्धतीने गळा तयार केलेल्या गायकाची सारी कमाई असते ती स्वरांच्या मधल्या जागेत. मींड, आंदोलन, गमक, कणस्वर यांतले काहीही व्होकोडरच्या पलीकडे जात नाही. सरगम कितीही नजाकतीने घ्या, यंत्र त्यातले ‘सा’, ‘रे’, ‘ग’ एवढे उच्चार तेवढे उचलते आणि बाकीचे सोडून देते. उलट ज्याचा गळा अजिबात साथ देत नाही, पण ज्याची बोटे कीबोर्डवर सफाईने फिरतात, त्याला हे यंत्र क्षणात गाता करते, तेही एकाच वेळी चार-सहा स्वरांत. म्हणून व्होकोडर हे गायकाचे उपकरण आहे असे समजणे ही मूळ चूक. ते कीबोर्ड वाजविणाऱ्याचे वाद्य आहे, आणि जो चांगले वाजवितो त्याच्याच हातात ते बोलते.

आता व्हीपी-३३० कडे वळू. दहा पट्ट्या ही संख्या काही डोळे दिपविणारी नाही. मूगच्या त्या काळातील व्होकोडरला सोळा होत्या. शब्दांच्या स्पष्टतेत व्हीपी-३३० सर्वश्रेष्ठ होते, असे त्याचे चाहतेही म्हणणार नाहीत. मग चाळीस वर्षांनंतरही त्याचे नाव का निघते? याचे कारण त्याच्या नावातील ‘प्लस’ या शब्दात आहे. व्होकोडरखेरीज त्यात ‘ह्यूमन व्हॉइस’ हा समूहगायनाचा विभाग होता आणि तंतुवाद्यांचा तिसरा विभाग होता. मायक्रोफोन न लावताही ते वाद्य ‘आऽऽ’ करून गाते. शिवाय हे तिन्ही विभाग एकत्र वाजविता येतात, म्हणजे बोलणाऱ्या आवाजामागे न बोलणारा समूहस्वर आणि त्यामागे व्हायोलिनचा पडदा.

पण खरी किमया आहे ती शेवटच्या टप्प्यात, ‘आँसाम्ब्ल’ या परिणामात. भजनी मंडळात पंधरा माणसे एकच ओळ म्हणतात तेव्हा ती एका माणसाच्या पंधरापट मोठ्या आवाजासारखी लागत नाही. कोणी केसभर पुढे असतो, कोणी मागे. कोणाचा स्वर किंचित चढा, कोणाचा उतरता. या बारीक विस्कळीतपणातूनच समूहाचा भरदारपणा येतो. व्हीपी-३३० मध्ये हा विस्कळीतपणा ‘बकेट ब्रिगेड’ नावाच्या चकत्यांमधून निर्माण केला जाई. आग विझविताना माणसांची रांग बादल्या हातोहात पुढे सरकवते, तसे या चकतीत आवाजाचे नमुने एका धारित्रातून दुसऱ्यात सरकविले जातात आणि काही मिलिसेकंदांच्या विलंबाने बाहेर पडतात. तो विलंब संथपणे कमी-जास्त करीत राहिले की स्वर हेलकावू लागतो. अशा उशिराच्या प्रती मूळ सुरात मिसळल्या की एका स्वराचा समूह होतो. व्हीपी-३३० चा जो आवाज लोकांच्या कानांत आहे, त्यात व्होकोडरचा वाटा अर्धा आणि या हेलकाव्यांचा अर्धा, असे माझे मत आहे. म्हणून प्रतिकृतीची परीक्षा करताना आधी ‘आँसाम्ब्ल’ चालू-बंद करून ऐकावे. शब्द किती कळतात हे नंतर पाहता येईल.

या कसोटीवर व्हीपी-०३ चांगली उतरते. तिच्यात मूळ सर्किट नाही. त्या सर्किटातील प्रत्येक भाग कसा वागतो याचे गणित करून तोच आवाज संगणकीय पद्धतीने उभा केलेला आहे. शुद्धतावादी मंडळी यावर नाक मुरडतात. मात्र तबला, ढोलकी आणि गिटारच्या सोबतीने सभागृहात वाजत असताना ‘हे सर्किट नव्हे, गणित आहे’ असे ओळखून दाखविणारा श्रोता विरळाच. तिचा समूहस्वर आणि तंतुवाद्ये ऐकताना मूळ वाद्याची आठवण निश्चित येते. तिन्ही विभाग मुळाप्रमाणेच आहेत आणि मुळात नसलेला सोळा पायऱ्यांचा सिक्वेन्सर जास्तीचा आहे. सोबत मानेसारखा वळणारा मायक्रोफोन येतो. यूएसबीवर किंवा चार पेन्सिल सेलवर ती चालते, त्यामुळे वीज गेली तरी सराव थांबत नाही, हा आपल्याकडे दुर्लक्षिण्याजोगा गुण नव्हे.

अडचण सुरू होते ती ‘छोटी’ या विशेषणापाशी. पेटी सुमारे ३० सेंटिमीटर रुंद आहे, परंतु तिला स्वरपट्ट्याच नाहीत. रोलंडची जोड-पट्टी घेतली तर २५ बारीक पट्ट्या मिळतात, म्हणजे दोन सप्तके. एका हाताने साथ आणि दुसऱ्याने समूहस्वर अशी वाजविण्याची सवय असलेल्याचे तेवढ्यात भागत नाही. मग मिडीची तार जोडून मोठा कीबोर्ड लावावा लागतो. आवाज बाहेर काढण्याची जागा ३.५ मिलिमीटरची, म्हणजे साध्या हेडफोनच्या पिनेची. रंगमंचावर ती तार कोणाच्या पायात अडकली की संपलेच. म्हणून जाड पिनेचे रूपांतरक सोबत ठेवणे आले. कीबोर्ड, त्याचा स्टँड, तारा, रूपांतरक आणि वेगळा मायक्रोफोन असा संसार मांडून झाला की, वहीएवढे वाद्य पुन्हा १९७९च्या मापाचे होते! बारीक खुंट्या अंधारात नेमक्या जागी फिरविणे हेही जाड बोटांच्या माणसाला जिकिरीचेच.

बेहरिंगरची व्हीसी ३४० याच्या नेमक्या उलट बाजूने विचार करते. तिच्यात ३७ पूर्ण आकाराच्या पट्ट्या आहेत. सर्किट खरेखुरे अनालॉग आहे आणि हेलकाव्यांसाठी बकेट ब्रिगेड चकत्याच वापरल्या आहेत. सगळ्या पट्ट्या एकदम दाबल्या तरी सगळे स्वर वाजतात, कारण जुन्या ऑर्गनप्रमाणे वरच्या सप्तकाचे स्वर विभागून खालचे स्वर मिळविण्याची पद्धत येथेही आहे. एका कंपनीचा आराखडा दुसरीने उचलावा काय, यावर वाद्यजगतात बरेच वादंग झाले. त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. वाजविणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ती बसून वाजविण्याजोगी आहे, आणि पिशवीत घालून लोकलने नेण्याजोगी नाही. मुळाप्रमाणे तिच्यात जुळणी साठविण्याची सोय नाही, त्यामुळे दोन गाण्यांच्या मध्ये सरकपट्ट्या हातानेच लावाव्या लागतात. निवेदक मधे किती बोलतो यावर तुमची तयारी अवलंबून राहते.

ज्याला खास व्हीपी-३३० चाच रंग नको आहे, केवळ बोलणारा कीबोर्ड हवा आहे, त्याने आणखी एका वाद्याकडे पाहावे. कॉर्ग कंपनीचा २००२ साली आलेला मायक्रोकॉर्ग हा लहान पट्ट्यांचा सिंथेसायझर आहे. त्यातील व्होकोडर आठ पट्ट्यांचा आहे आणि एका वेळी चारच स्वर वाजतात. मात्र १२८ जुळण्या साठविता येतात, मायक्रोफोन सोबत येतो आणि व्होकोडर नको असेल तेव्हा तो एक संपूर्ण सिंथेसायझर असतो. ऑर्केस्ट्रात पंचवीस गाण्यांपैकी जेमतेम दोन गाण्यांत व्होकोडर लागतो, हे ध्यानात घेतले तर उरलेल्या तेवीस गाण्यांचाही विचार खरेदीत व्हावयास हवा. २०२४ साली त्याची नवी आवृत्तीही जाहीर झाली.

आणि ज्याचे काम घरी ध्वनिमुद्रण करण्यापुरतेच आहे त्याने तूर्त काहीच विकत घेऊ नये. ‘टाल-व्होकोडर’ हे अकरा पट्ट्यांचे, जुन्या धर्तीचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. लॉजिक, एबल्टन लाइव्हची सूट आवृत्ती आणि रीपर यांच्यात व्होकोडर आधीपासूनच आहे. मुद्रित आवाजावर सावकाश काम करताना पट्ट्यांची संख्या बदलता येते, चुकले तर मागे जाता येते. जिवंत वादनात मात्र संगणकाला विलंबाचा शाप आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि ५१२ नमुन्यांचा साठा धरला तर आवाज आत येण्यासच सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, बाहेर जाण्यास तेवढेच. बोलणे आणि ऐकू येणे यांत एवढे अंतर पडले की जीभ अडखळते. साठा १२८ वर आणला तर हे अंतर चौथ्या हिश्श्यावर येते, पण जुना संगणक त्याखाली कण्हू लागतो. प्रत्यक्ष वाद्य घेण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

मूळ व्हीपी-३३० च परदेशातून मागवावे, असा मोह काहींना होतो. जपानमधील वाद्य १०० व्होल्टचे आणि अमेरिकेतील १२० व्होल्टच्या आसपासचे असते. आपल्या २३० व्होल्टवर ते थेट लावले तर धूर निघेल, ट्रान्सफॉर्मर लागतो. डॉलरची किंमत रुपयांत गुणून हिशेब संपत नाही, त्यावर वाहतूकखर्च, सीमाशुल्क आणि जीएसटी येतो. चाळीस वर्षे उलटलेली धारित्रे बदलण्याचा खर्च वेगळा. संग्राहकाने ही हौस जरूर करावी, महिन्यातून दहा कार्यक्रम करणाऱ्याने करू नये.

कोणतेही वाद्य निवडले तरी मराठी शब्द त्यातून कसे येतील, हा प्रश्न आपल्यापुरता महत्त्वाचा आहे. ‘आ’, ‘ई’, ‘ओ’ हे स्वर व्होकोडरला सोपे. ‘स’ आणि ‘श’ यांची मुख्य ताकद मात्र फार वरच्या कंपनसंख्येत असते आणि त्यांत सूर नसतो, नुसती हवा असते. कीबोर्डच्या सुरात वर तेवढा ऐवजच नसेल तर व्होकोडर वाढविणार काय? ‘ख’, ‘छ’, ‘थ’ यांतील हकाराचीही तीच गत. त्यामुळे ‘आला आला’ खणखणीत निघते आणि ‘सखे’ म्हटले की ऐकणारा विचारात पडतो. उपाय असा की, सुरासाठी झगझगीत, कडक आवाज निवडावा, बासरीसारखा गोड नव्हे. व्यंजने नाटकातल्या नटासारखी जोर देऊन उच्चारावीत. आणि मूळ आवाजाचा थोडा अंश मिश्रणात सोडावा.

मायक्रोफोनला तर तुम्ही आणि छताचा पंखा यांतला भेद कळत नाही. पंख्याची घरघर आली की व्होकोडर तिलाही शब्द समजतो आणि दाबून धरलेला स्वर उगाच फुरफुरत राहतो. रंगमंचावर हेच काम ढोल-ताशे करतात. सोबत मिळणारा वळणारा मायक्रोफोन घरी ठीक आहे, मंडपात तोंडाला अगदी भिडवून धरण्याचा डायनॅमिक मायक्रोफोनच हवा.

तेव्हा ज्याच्याकडे मिडी कीबोर्ड आहे, जो लोकांसमोर वाजवितो आणि ज्याला व्होकोडरइतकाच तो समूहस्वर हवा आहे, त्याने व्हीपी-०३ रास्त भावात मिळाल्यास जरूर घ्यावी. कीबोर्डच नसेल तर व्हीसी ३४० चा विचार करावा. एक अडचण अशी की, व्हीपी-०३ ही मर्यादित आवृत्ती होती आणि तिचे उत्पादन थांबले आहे. ती आता हातबदलीच्या बाजारातच मिळेल, आणि तेथे भाव वाद्याच्या गुणांवर नव्हे, टंचाईवर ठरतो. नव्या व्हीसी ३४० च्या भावाइतकी रक्कम कोणी मागत असेल तर नमस्कार करून परत यावे. भाव पटला तर प्रत्यक्ष वाजवून पाहावे. प्रत्येक खुंटी पूर्ण फिरवून खरखर येते काय हे ऐकावे; यूएसबीची बारीक खाच हलवून पाहावी, कारण जुन्या पेटीत ती सैल झालेली असू शकते. मूळ मायक्रोफोन सोबत आहे ना, हे विचारावे. आणि विकणाऱ्याच्या खोलीतला पंखा दोन मिनिटे बंद करावयास सांगावा.